टेलिकॉममध्ये परदेशातून पैसा घालताय? आधी एफसी-जीपीआर

भारतातल्या टेलिकॉम धंद्यात बाहेरून पैसा आणायला आता फारसं कोणी अडवत नाही. पूर्वी परदेशी वाटा ४९ टक्क्यांच्या वर गेला की सरकारची परवानगी लागायची. ऑक्टोबर २०२१ पासून शंभर टक्क्यांपर्यंत ऑटोमॅटिक रूट, म्हणजे आधी परवानगी नाही. त्याआधीच, २०२० मध्ये, फेसबुकनं जिओत ४३,५७४ कोटी आणि गुगलनं ३३,७३७ कोटी घातले, आणि तेव्हापासून दुबई, सिंगापूर, न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांनाही वाटायला लागलं की गावाकडच्या ब्रॉडबँडमध्ये चार पैसे टाकावेत. टाका. फायबरची मागणी खरी आहे. फक्त आधी विचारावं लागत नाही म्हणून नंतर कळवायचं नाही, असं समजू नका. परदेशी पैशावर शेअर दिले हे कंपनीनं नंतर रिझर्व्ह बँकेला कळवायचंच असतं, तेही मुदतीत. त्या फॉर्मचं नाव एफसी-जीपीआर.

आमच्या तालुक्याच्या कंपनीत परदेशातल्या मेव्हण्याचे पैसे घेतले तेव्हा बाकी सगळं झालं, हा एक फॉर्म राहिला. पुढे तो शेअर विकायला निघाला तेव्हा बँकेचा पहिला प्रश्न, एफसी-जीपीआर कुठे आहे? म्हणून ही यादी.

एअरटेल किंवा इंडस टॉवर्सचे शेअर बाजारातून घेणार असाल तर इथं वेळ घालवू नका, ते ब्रोकर आणि बँक बघतात. हे सगळं आहे लहान, बाजारात नसलेल्या कंपनीत थेट पैसा घालणाऱ्यांसाठी.

पहिलं म्हणजे समोर खरोखर कंपनी आहे का ते बघा. तालुक्यातला माणूस "आमची कंपनी" म्हणतो आणि पावतीपुस्तकावर छापलेलं असतं अमुक केबल नेटवर्क, प्रोप्रायटर तमुक. एकट्याच्या मालकीच्या फर्ममध्ये परदेशी कंपनीचा पैसा येऊ शकत नाही. अनिवासी भारतीय घालू शकतो, पण परत बाहेर न नेण्याच्या बोलीवर. तशा गुंतवणुकीला एफसी-जीपीआर लागत नाही हे खरं. मग कधी विकलंत तर रक्कम एनआरओ खात्यात (अनिवासींचं इथलं रुपयांतलं खातं) येते आणि तिथून वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर जाते. हे चालत असेल तर सुटलात. "आत्ता तसंच घेऊ, नंतर बघू" मात्र नको. कोणत्या बोलीवर पैसा घेतला ते पहिल्याच कागदावर ठरतं.

मग परवाना. तो कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ ठिकाणी स्थानिक ऑपरेटर हा मोठ्या आयएसपीचा (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा) फ्रँचायझी असतो. ग्राहक त्याचे वाटतात, वसुली तो करतो, खांबावर त्याचीच पोरं चढतात, पण परवाना वरच्याचा असतो. तुम्ही पैसे देऊन विकत काय घेताय, तर तारा, राउटर आणि एक करार, जो वरचा नोटीस देऊन मोडू शकतो. तो करार वाचा, आणि वाचून झाला की पुन्हा वाचा. स्वतःचा परवाना असला तर ए, बी की सी ते विचारा. ए देशभर, बी एका सर्कलपुरता (टेलिकॉमचा साधारण राज्याएवढा विभाग), सी साधारण जिल्ह्याएवढ्या भागापुरता. इथं आपल्याकडची एक गंमत आहे: टेलिकॉमच्या नकाशावर महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे आणि मुंबई नाही. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण यांचा वेगळा परवाना. त्यामुळे "महाराष्ट्राचा बी परवाना आहे, पुढच्या वर्षी कल्याणला जाऊ" असं कोणी सांगितलं तर त्याला नकाशा दाखवा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं परवान्यांची जुनी चौकट बदलायला घेतली आहे, तेव्हा जुना परवाना नव्यात कसा जाणार हेही लेखी मागा.

आता एजीआर, म्हणजे समायोजित एकूण महसूल. हा शब्द ऐकून कंटाळा आला असेल तरी थांबा. परवाना शुल्क कंपनीच्या याच महसुलावर बसतं, एकीकृत परवान्यात ८ टक्के. कंपन्या आणि सरकार यांचं भांडण दर किती याचं कधीच नव्हतं, महसुलात काय मोजायचं याचं होतं. २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सरकारची व्याख्या उचलून धरली आणि व्याज, भाडं, लाभांश असं टेलिकॉमशी संबंध नसलेलं उत्पन्नही त्यात आलं. वर मागचं व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज. व्होडाफोन आयडियासारखी कंपनी त्यात आजवर अडकली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून बिगर-टेलिकॉम उत्पन्न वगळलं, पण फक्त पुढच्या काळासाठी. म्हणजे जुनी कंपनी घेताय तर जुन्या वर्षांची देणी तुमच्याच गळ्यात. तिमाही स्टेटमेंट, शुल्क भरल्याच्या पावत्या, दूरसंचार विभागाच्या आलेल्या नोटिसा, सगळं मागा. "नोटीस आली होती, उत्तर दिलंय" हे पुरेसं नाही. उत्तराची प्रत कुठे आहे?

आणि एफसी-जीपीआर. यादीच्या मधेच लिहितोय, कारण शेवटी लिहिलं की तो शेवटीच राहतो.

पैसा येतानाच लक्ष ठेवा. पाठवणारा आणि शेअर घेणारा एकच असावा. नवऱ्याच्या नावाचे शेअर आणि बायकोच्या खात्यातून पैसे, असं झालं की खुलाशांची रांग लागते. पाठवताना कारण बरोबर लिहा. मोबाईल ॲपवर पहिला पर्याय "कुटुंबाचा खर्च" असतो, माणूस तोच दाबतो, आणि मग तुमच्या एफआयआरसीवर, म्हणजे परदेशातून पैसा आल्याच्या बँकेच्या दाखल्यावर, तेच छापून येतं. ज्या कागदानं ही शेअरसाठी आलेली रक्कम आहे हे सिद्ध करायचं, त्याच कागदावर मेव्हणा सासूबाईंना किराण्याला पैसे पाठवतोय असं दिसतं. ते बदलून घेणं होतं, पण बँक बदलून देईपर्यंत तुमची मुदत कोणी थांबवत नाही. परदेशातल्या बँकेकडून येणारा केवायसी अहवाल (पैसे पाठवणारा कोण याची खात्री) वेगळा. सगळ्यात उशीर तिथं होतो, तेव्हा पैसा निघाला त्याच दिवशी मागायला लावा.

पैसा आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे. नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. शेअरची किंमत मूल्यांकनाच्या दाखल्यापेक्षा कमी नको, आणि तो दाखला आधी, नंतर नाही. शेअर दिले त्या तारखेपासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर. पैसे आल्यापासून नाही, शेअर दिल्यापासून. कंपनी सेक्रेटरी शेअर वाटपाचा पीएएस-३ फॉर्म भरतो आणि फोन करून सांगतो, "झालं सगळं." काहीही झालेलं नसतं. पीएएस-३ कंपनी खात्याकडे जातो, एफसी-जीपीआर बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, एक भरला म्हणून दुसरा आपोआप भरला जात नाही. आम्ही फसलो ते नेमके इथंच.

फॉर्म रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर भरायचा. तिथं आधी कंपनीची एंटिटी मास्टर नोंद लागते, मग बिझनेस यूजर, आणि तो यूजर बँकेनं मंजूर केल्याशिवाय फॉर्म उघडतच नाही. म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी चहा घेऊन लॉगिन करायला बसलात तर मुदत गेली. ही नोंद पैसा येण्याआधी करून ठेवा. शाखेत ज्याला हे कळतं तो एकच माणूस असतो आणि तो रजेवर असतो. त्याचा नंबर आधीच घ्या.

उशीर झाला तर फी आहे: ७,५०० रुपये, अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले उशिराची वर्षं. पन्नास लाखांना दोन वर्षं उशीर म्हणजे दहा हजार रुपये. वाचून हायसं वाटलं ना? वाटू देऊ नका. ही सोय तीन वर्षांपर्यंतच. त्यापुढे कंपाउंडिंगचा (चूक कबूल करून दंड भरून मिटवण्याचा) अर्ज, वकील किंवा सीए, आणि रिझर्व्ह बँकेचे प्रश्न. पैशाचं एकवेळ सोडा, तोवर शेअर विकून पैसा बाहेर नेणं अडतं, आणि घेणारा काही तुमच्यासाठी थांबत नाही. दरवर्षी १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला परदेशी देणी-मालमत्ता कळवणारं एफएलए रिटर्नही आहे. ते भरल्यानं एफसी-जीपीआर भरल्यासारखं होत नाही. नाही म्हणजे नाही.

यंत्रसामग्री. जून २०२१ पासून नेटवर्कला जोडायची नवी उपकरणं सरकारनं ठरवलेल्या विश्वासार्ह स्रोतांचीच लागतात. "स्वस्तात ओएलटी (फायबरचं मुख्य यंत्र) मिळतायत" म्हणणाऱ्याला कुठून, ते विचारा. आणि केबल कशावर टांगली आहे ते स्वतः जाऊन बघा. महावितरणच्या खांबावर, कोणाच्या गच्चीवर, झाडाला? त्याची लेखी परवानगी आहे का? नसली तर मिरवणुकीआधी लोंबत्या तारा साफ करायला नगरपालिकेची गाडी आली की तुमची गुंतवणूक रस्त्यावर. रस्ता आणि खांब वापरण्याचे नवे केंद्रीय नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, ते तुमच्या बाजूचे आहेत, पण अर्ज केलेला असेल तर.

संचालक मंडळात बहुसंख्य भारतीय नागरिक हवेत. नेटवर्क आणि सुरक्षा सांभाळणारे मुख्य अधिकारी इथं राहणारे भारतीय हवेत. पैसा फंडातून येत असेल तर मागे कोण आहे ते खोदून काढा; चीनसह जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांच्या पैशाला एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ चे वेगळे नियम आहेत, आणि हाँगकाँगमार्गे फिरून आला म्हणून ते टळत नाहीत.

बाहेर पडण्याचं. करारात "इतक्या वर्षांनी इतक्या भावानं परत घेऊ" असं लिहून मागू नका, परदेशी गुंतवणूकदाराला ठरलेल्या परताव्याची हमी चालत नाही. जपानच्या डोकोमोनं २००९ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसचे शेअर ११७ रुपयांनी घेतले, निम्म्या भावानं परत देण्याचा हक्क करारात होता, रिझर्व्ह बँकेनं तो भाव नाकारला. लंडनच्या लवादानं २०१६ मध्ये १.१७ अब्ज डॉलर देण्याचा निवाडा दिला, दिल्ली हायकोर्टात २०१७ मध्ये निकाल लागल्यावर पैसे सुटले. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. विकण्याचा हक्क ठेवा, एक वर्षाचा लॉक-इन (त्याआधी विकायचं नाही) ठेवा, भाव त्यावेळच्या मूल्यांकनाचा ठेवा. आणि विकायला जाल तेव्हा बँक जुना एफसी-जीपीआरच मागेल, हे आता परत सांगत नाही.

बाकी पटापट. तुम्ही राहता त्या देशाचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट काढा. मॉरिशस-सिंगापूरमार्गे शेअर विकून झालेल्या नफ्यावर इथं कर न लागण्याचा जुना फायदा एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवर धरू नका. अनिवासीनं निवासीला शेअर विकले की ६० दिवसांत एफसी-टीआरएस, म्हणजे शेअर हस्तांतराचा फॉर्म, पैसे पाठवताना आयकर खात्याचा फॉर्म आणि सीएचा दाखला. टीडीएस घेणारा कापतो. तो किती, ते सौद्याआधीच सीएकडून लिहून घ्या.