गरोदर बाईच्या कंबरेला हात लावण्याआधी

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपला आलेल्या मुली एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, गरोदर पेशंटला हात लावायची भीती वाटते. काही झालं तर?" मी त्यांना सांगते, ही भीती चांगली आहे, ती राहू दे. पण तिच्यापायी पेशंटला "आता हे बाळंतपण झाल्यावरच जाईल" असं सांगून घरी पाठवू नका. ते वाक्य तिने घरात, शेजारी, सगळीकडे ऐकलेलं असतं. तुमच्याकडे ती त्यापलीकडचं काही मिळेल म्हणून आलेली असते.

मी २०११ साली बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची पदवी घेतली, पुढे एमपीटी, म्हणजे त्यातलंच पदव्युत्तर शिक्षण केलं, आणि तेव्हापासून नाशिकमध्ये बहुतेक काम गरोदर बायकांचं आणि बाळंतिणींचंच करते. या वाटेला येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. कॉलेजात तंत्रं शिकवतात आणि ती हाताला बसतातही. कुणाला हात लावायचा, कुणाला नाही आणि कुणाला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवायचं, हे ओळखायला मात्र मला बराच काळ गेला. तुम्हाला तो कमी लागावा.

सुरुवात पेशंटच्या भाषेपासून करा. पुस्तकात 'पेल्व्हिक गर्डल पेन', म्हणजे ओटीच्या हाडांभोवतीचं दुखणं, असतं. समोरची बाई म्हणते कंबर धरलीय, खुब्यात चमक मारते, पायात गोळे येतात, रात्री हाताला मुंग्या येतात. 'कंबर' म्हणताना तिचा हात कुठे जातो ते बघा. पाठीच्या मधोमध, साडी खोचतो त्या रेषेवर गेला तर बहुधा मणक्याकडचं दुखणं. त्याखाली, माकडहाडाच्या वर ज्या दोन खळ्या असतात तिथे गेला तर सॅक्रोइलियाक सांधा, म्हणजे मणक्याचं खालचं टोक आणि ओटीचं हाड जिथे जुळतात तो. आणि पुढे, ओटीपोटाच्या खाली, जांघांच्या मधल्या हाडावर दुखत असेल तर ती जागा ती दाखवणारच नाही, लाजेल. तिथलं तुम्हालाच विचारावं लागतं, तेही सासूबाई किंवा नवरा खोलीबाहेर असताना. कुणी आत थांबावं आणि कुणी नाही हे तिलाच एकटीला विचारायचं. सगळ्यांसमोर विचारलं तर उत्तर तिचं नसतं.

गरोदर बायकांपैकी निम्म्या जणींना तरी कधी ना कधी कंबरेचा किंवा ओटीच्या हाडांचा त्रास होतो. रिलॅक्सिन आणि इतर संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैलावतात, पोट पुढे येतं तसा भार पुढे सरकतो, पोटाचे स्नायू ताणून लांबतात आणि नितंबांच्या स्नायूंवर जास्तीचं काम पडतं. हे पेशंटला समजेल अशा शब्दांत सांगा. "नस दबलीय" किंवा "मणक्यात गॅप आलाय" असं काही ती कुठून तरी ऐकून आलेली असते आणि मनातून घाबरलेली असते.

एक प्रसंग सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका सातव्या महिन्यात माझ्याकडे आल्या. दिवसभर वर्गात उभं राहता येत होतं, पण रात्री कूस बदलताना रडू यायचं. त्यांना थोडाच वेळ उताणं झोपवलं, उशाकडची बाजू उंच ठेवून. गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचला म्हटलं. पाय उचलता उचलेना. "शिसं भरल्यासारखा झालाय," म्हणाल्या. मग मी त्यांना विचारून कमरेच्या दोन्ही बाजूंनी, खुब्यांच्या उंचवट्यापाशी, माझे तळहात ठेवले, हलकेच आत दाबले आणि पुन्हा उचलायला सांगितलं. पाय लगेच वर आला. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुस्तकातली अ‍ॅक्टिव्ह स्ट्रेट लेग रेझ चाचणी ती हीच. आपल्या तळहातांनी जे केलं तेच काम पुढे पट्टा करतो आणि नितंबांचे, पोटाच्या खोलवरचे स्नायू करतात, हे त्यांना एका मिनिटात पटलं. पट्टा पोटावर नसतो बांधायचा. तो खुब्यांच्या पातळीवर, खाली बांधायचा. दुकानातून आणलेला पट्टा निम्म्या जणी चुकीच्या जागी बांधून येतात, म्हणून तो आपल्यासमोर बांधून घ्या.

त्या दिवशी मालीश केलंच नाही. कूस बदलायला शिकवलं. दोन्ही गुडघे वाकवायचे, मध्ये उशी धरून एकमेकांना चिकटवायचे, आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम वळवायचं, ओंडका वळतो तसं. उशी गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पोचेल एवढी लांब हवी, नाहीतर पाऊल खाली लोंबतं आणि सांध्यावर पीळ येतो. सलवार उभ्याने एका पायावर तोल सांभाळत घालायची नाही, खुर्चीत बसून घालायची. जिना एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत चढायचा. रिक्षात आधी पाठमोरं होऊन बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. फरशी उकिडवं बसून पुसायची नाही. यावर सासूबाईंनी "फरशी पुसली की बाळंतपण सोपं होतं" म्हटलंच. मी त्यांनाच विचारलं, यांना चालायला आणि बसून व्यायाम करायला तुम्ही रोज आठवण कराल का? त्यांनी ती जबाबदारी घेतली आणि शेवटपर्यंत निभावली. घरातल्या मोठ्या बाईला वादात हरवून पेशंटचं काहीच भलं होत नाही, कारण पेशंटला तिच्याच घरी राहायचं असतं.

आता माझी चूक. नोकरीच्या पहिल्या वर्षी आठवा महिना लागलेली एक पेशंट डाव्या पोटरीत गोळा आल्याचं सांगत आली. मी पोटरी चांगली रगडून दिली, स्ट्रेचिंग दाखवलं, दोन दिवसांनी बोलावलं. ती आली तेव्हा पोटरी टणक होती, हाताला गरम लागत होती आणि डावा पाय उजव्यापेक्षा नजरेला जाड दिसत होता. माझ्या वरिष्ठ मॅडमनी टेप काढून दोन्ही पोटऱ्या मापल्या आणि एक शब्द न बोलता तिला डॉप्लरसाठी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीसाठी, पाठवलं. शिरेत गुठळी होती. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लागली. ती आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली, पण ती गुठळी माझ्या हाताखालून सुटून फुफ्फुसात गेली असती तर काय झालं असतं, या विचाराने मला कित्येक रात्री झोप नव्हती. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि गुठळीचा धोका एरवीपेक्षा चार-पाच पटींनी जास्त असतो. ती बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या मुख्य शिरेवरून जाते आणि तिला दाबते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर अधिकच जपायचे. तेव्हापासून मी पायाला हात लावण्याआधी दोन्ही पोटऱ्या मापते. प्रत्येक वेळी, अगदी ओळखीच्या पेशंटच्याही. एका पायाची सूज, ऊब किंवा दाबल्यावर दुखणं असेल तर मालीश नाही, तडक डॉक्टर.

तसंच आणखी काही. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगड्यांखाली दुखतं, अशी तक्रार विसाव्या आठवड्यानंतर ऐकली की आधी बीपी घ्या. १४०/९० किंवा जास्त निघालं तर त्या दिवशी आपलं काम संपलं, तिला डॉक्टरांकडे पोचवा. आकडा बरा दिसला तरी या तक्रारी डॉक्टरांच्या कानावर घालायच्याच. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी जाणवणं, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, लघवी अडणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, यांपैकी काहीही असेल तर तिला कॉटवर घेऊच नका.

कायरोप्रॅक्टिकबद्दल आता रोज विचारलं जातं, कारण मोबाईलवर मान-कंबर 'कडकन' मोडून दाखवणारे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. मणक्याला आणि सांध्यांना हाताने झटका किंवा दाब देऊन दुखणं घालवण्याची ही पद्धत अमेरिकेतली. डॅनियल डेव्हिड पामर यांनी ती १८९५ मध्ये आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट इथे सुरू केली. तिकडे तिची स्वतंत्र पदवी आहे, प्रत्येक राज्याचा परवाना लागतो, आणि तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुली गरोदरपणात कायरोप्रॅक्टरकडे सर्रास जातात. माझी मावसबहीण न्यू जर्सीत जायची. तिच्याकडून ऐकलं ते असं, पोटासाठी खोलगट जागा केलेली कॉट, हलक्या हाताने दाब, मान वगैरे मोडणं नाहीच. भारतात मात्र कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो आणि पेशंटला पाटीवरून माणूस ओळखता येत नाही.

तो 'कड' आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. नंतर बरं वाटतं हे खरं, पण बऱ्याच जणींचं दुखणं दोन दिवसांनी परत येतं. ज्या बाईचे बंध आधीच सैल झालेत तिला जोरात पीळ देऊन आणखी सैल करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. गरोदरपणातल्या कंबरदुखीवर कायरोप्रॅक्टिकचा उपयोग किती, याचा पुरावा अजून तोकडा आहे. व्यायामाचा त्यापेक्षा बरा आहे. आणि मानेला झटका देण्यात, क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याचा धोका असतो. गरोदर बाईच्या मानेला झटका देऊ नका, कुणाला देऊ देऊ नका.

यातच वेब्स्टर तंत्र येतं. ओटीच्या हाडांवर हलका दाब देऊन पायाळू बाळाला डोकं खाली करायला जागा मिळते, असा त्याचा दावा. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या गावची पायाळू बाई आठवली. कुणाच्या कंबरेत उसण भरली की तिला बोलवायचे आणि ती पाठीला पाय लावायची. पायाळू जन्मलेल्याच्या पायात गुण असतो ही आपल्याकडची श्रद्धा. उसण तशीही चार-आठ दिवसांत उतरते आणि श्रेय पायाला जातं. बाळाचंही तसंच आहे. बत्तिसाव्या आठवड्यात पायाळू असलेली बरीच बाळं पुढे आपली आपण फिरतात. नाहीच फिरलं तर साधारण ३६-३७ आठवड्यांनंतर प्रसूतितज्ज्ञ पोटावरून हाताने बाळ फिरवण्याचा प्रयत्न करू शकतात. ते सोनोग्राफी आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, गरज पडली तर लगेच सिझेरियन करता येईल अशाच ठिकाणी करायचं असतं. आपल्या कॉटवर नाही आणि घरी सुईणीच्या हातूनही नाही.

मालीश मात्र मला मनापासून आवडतं. योग्य बाईला, योग्य जागी केलेलं मालीश तिला झोप देतं, आणि शेवटच्या महिन्यांत झोपेएवढं दुसरं काहीच मोलाचं नसतं. विसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपवून काम करू नका. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते, मळमळतं. शक्यतो डाव्या कुशीवर घ्या. डोक्याखाली एक उशी, गुडघ्यांमध्ये लांब उशी, पोटाखाली दुमडलेला टॉवेल आणि छातीशी कवटाळायला एक उशी. ही मांडणी नीट जमली की अर्धं दुखणं तिथेच उतरतं. कंबरेच्या दोन्ही बाजूंना आणि नितंबांवर तळहाताने सावकाश दाब द्या. पोटावर काही करू नका. तेल तिच्या घरचंच वापरा, वास सोसत नसेल तर बिनवासाचं. आणि तेल लावताना तिच्याशी बोला. अशाच एका गप्पांत एक जण सहज म्हणाली, "रात्री तळहात-तळपाय इतके खाजतात की उठून नळाखाली धरते." अंगावर पुरळ काही नव्हतं. मी मालीश थांबवलं आणि तिच्या डॉक्टरांना फोन केला. रक्ताची तपासणी झाली तेव्हा यकृताचा त्रास निघाला, गरोदरपणात पित्त अडल्याने होणारा, ज्यात बाळावर लक्ष ठेवावं लागतं.

बाळंतिणीला तेल लावणाऱ्या मावश्यांकडूनही शिका. मी अशा एका मावशींबरोबर चार घरं हिंडले. अंगठ्याचं टोक न वापरता तळहाताच्या टाचेने तासभर काम कसं करायचं, हे मला कॉलेजात नाही, त्यांच्याजवळ बसून कळलं. माझे अंगठे आज शाबूत आहेत ते त्यांच्यामुळे. मीही त्यांना दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यांनी ऐकल्या. सिझेरियनची जखम पूर्ण भरेपर्यंत पोटाला तेल लावायचं नाही, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवायची नाही, तिच्या धुरातला विषारी वायू आई आणि बाळ दोघांना बाधतो.

नोकरीचं थोडक्यात. माझा पहिला पगार आठ हजार होता, आणि सुरुवातीला फक्त गरोदर पेशंटवर पोट भरत नाही. गुडघे, मान, अर्धांगवायू सगळं करा. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय एकही पेशंट घेऊ नका. आठवड्यातला एक दिवस प्रसूतिगृहात, कळा देणाऱ्या बायकांजवळ उभं राहून काढा. दोन दिवसांचा वर्कशॉप करून प्रमाणपत्र भिंतीला लावण्यापेक्षा ते कितीतरी जास्त शिकवतं.

पेशंट कुठून येतील ही चिंता मलाही होती. प्रसूतितज्ज्ञांच्या दारात कार्डं वाटत फिरले होते, कुणी पाठवलं नाही. तळपाय खाजणाऱ्या त्या बाईच्या डॉक्टरांनी मात्र पुढच्याच आठवड्यात एक पेशंट पाठवली. कंबर दुखणारी, सहावा महिना. सोबत चिठ्ठी होती, तिच्यावर एकच ओळ, "बघा, आणि काही वेगळं वाटलं तर मला फोन करा." ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.