मेटॅलिक रंग मारताना फसलात? आधी चूक कोणत्या थरात आहे ते ओळखा

पार्किंगमधल्या खांबाला बंपरचा कोपरा घासला की गॅरेजवाला सहसा अख्ख्या पॅनेलचे पैसे सांगतो. मग शेडचा कॅन, क्लिअरचा कॅन आणि दोन-तीन वेगवेगळ्या नंबरचे पाणी पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे पॉलिश पेपर, आणून रविवारी घरीच काम उरकायचं ठरतं. गाडी साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाची असेल तर हे बऱ्यापैकी निभावतं. चंदेरी किंवा राखाडी मेटॅलिक असेल तर मात्र पट्टे उठतात, ढग दिसतात, ओघळ येतात. यातल्या बहुतेक चुका सुधारता येतात. पण साध्या रंगात लागलेली 'बिघडलं की घास आणि पॉलिश कर' ही सवय इथे नडते.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या अगदी बारीक, चपट्या चकत्या असतात. त्या सगळ्या आडव्या, सपाट बसल्या की रंग एकसारखा चमकतो. एखाद्या जागी रंग जास्त ओला पडला तर चकत्या तरंगून तिरक्या होतात, एका जागी गोळा होतात आणि तिथे गडद डाग दिसतो. फवारा फार लांबून, कोरडा पडला तर तीच शेड फिकट आणि खरखरीत वाटते. म्हणजे कॅन तोच असूनही हात कसा चालला यावर शेड बदलते. या रंगाच्या थरावर, म्हणजे बेसकोटवर, पेपर मारून तसंच सोडलं तर चकत्या कापल्या जातात आणि नवा डाग तयार होतो. म्हणून बेसकोट घासला की त्यावर पुन्हा रंग मारावाच लागतो. त्याच्या वरचा पारदर्शक क्लिअर मात्र घासून, कंपाउंड लावून चमकवता येतो.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे हात थांबवणं. ओला रंग बोटाने किंवा फडक्याने पुसायला जाऊ नका, दोन मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. दुसरी पायरी, थर ओळखणं. बेसकोट वाळल्यावर मॅट दिसतो, त्यामुळे क्लिअर मारला नसेल तर प्रश्नच नाही. क्लिअर मारून झाला असेल आणि शंका असेल तर तो पक्का वाळल्यावर कडेच्या न दिसणाऱ्या जागी २००० नंबरचा ओला पेपर हलकेच फिरवा. पाणी पांढुरकं आलं तर तुम्ही अजून क्लिअरमध्ये आहात. पाण्यात गाडीचा रंग उतरायला लागला तर क्लिअर संपला, लगेच थांबा.

पट्टे आणि ढग

मेटॅलिकमध्ये सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. हात मध्येच हळू झाला, कॅन कधी जवळ कधी लांब गेला, किंवा मनगट वळवून कमानीसारखा फवारा मारला की पट्टे पडतात. समोरून बघून ते कळत नाहीत. खाली वाका, बाजूने बघा, उन्हात एकदा आणि सावलीत एकदा बघा. ही तपासणी क्लिअर मारण्याआधी करायची, कारण तेव्हा इलाज सोपा असतो.

बेसकोट पूर्ण मॅट होईपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटं थांबा. नेहमीचे हात २० ते २५ सेंटीमीटरवरून मारत असाल तर आता कॅन ३० ते ३५ सेंटीमीटरवर न्या, हात थोडा जलद ठेवा आणि हलका, धुक्यासारखा एक हात मारा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर तीन चतुर्थांश चढला पाहिजे. आधीचे हात आडवे असतील तर हा उभा मारा. पॅनेलच्या बाहेर फवारा सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. हा हात ओला दिसता कामा नये. ओलसरपणा न आल्यामुळे चकत्यांना तरंगायला जागा मिळत नाही आणि सगळीकडे त्या सारख्या पसरतात. पेंटर मंडळी मेटॅलिकमध्ये शेवटचा हात नेहमी असाच मारतात, चूक झालेली असो वा नसो. एकाने भागलं नाही तर १० मिनिटांनी दुसरा मारा. तिसऱ्याची गरज पडली तर मूळचा रंगच जाड बसला आहे असं समजा. तो पूर्ण वाळू द्या, ८०० ते १००० नंबरच्या पेपरने पाण्यासोबत सपाट करा, पुसा आणि बेसकोटचे नवे पातळ हात मारा.

पट्टे क्लिअर मारल्यावर दिसले तर वाईट वाटेल, पण कितीही बफिंग करा, ते जाणार नाहीत. ते काचेखालच्या चित्रात आहेत. क्लिअर वाळल्यावर ८०० ते १००० ने त्याची चमक मारायची, मग पुन्हा बेसकोट, पुन्हा क्लिअर. यात शॉर्टकट नाही.

ओघळ

बेसकोटमध्ये ओघळ आला तर तो वाळवून ८०० किंवा १००० ने सपाट करा आणि त्या पॅनेलवर पुन्हा रंग मारा. फक्त ओघळाच्या जागेवर टिकली मारू नका, तिच्याभोवती कडं दिसतं.

क्लिअरमधल्या ओघळाला हात लावायची घाई नको. कॅनवर एक दिवस लिहिला असला तरी ओघळ जाड असतो आणि आतून मऊ राहतो, त्यामुळे दोन-तीन दिवस द्या, दमट हवेत आणखी. ओघळाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपची पट्टी लावा, म्हणजे आजूबाजूचा क्लिअर वाचतो. लहानसा, कडक ठोकळा घ्या. बोटांच्या दाबाने पेपर चालवला तर खळगा पडतो. ठोकळ्याला १००० किंवा १२०० चा पेपर गुंडाळा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि फक्त ओघळाच्या उंचवट्यावर लहान लहान हात चालवा. मधूनमधून पुसून बघा. घासलेली जागा मॅट दिसते आणि ओघळाच्या पायथ्याशी चमकती रेघ उरते. ती रेघ अगदी बारीक झाली की टेप काढा, १५०० वर या, मग २००० आणि मिळाला तर ३०००. शेवटी रबिंग कंपाउंड. कडा आणि बॉडीलाइनच्या धारेवर पेपर नेऊ नका, तिथे क्लिअर सर्वात पातळ असतो.

ऑरेंज पील, म्हणजे खडबडीत दिसणारा क्लिअर, याच पद्धतीने १५०० पासून सुरू करून निघतो. क्लिअरमध्ये बसलेली धूळ किंवा चिकटलेलं चिलट यांनाही २००० पुरतं. ओल्या रंगातून चिलट चिमट्याने काढायला जाऊ नका, त्याला वाळू द्या.

रंग फाटणं, पांढुरकेपणा, सुरकुत्या

रंग मारताच बारीक गोल खड्डे पडले आणि रंग त्यांच्या कडेने मागे सरकला, तर खाली सिलिकॉन किंवा तेल आहे. टायर शाइन आणि डॅशबोर्ड पॉलिश हे नेहमीचे आरोपी, गाडी धुतली तरी ते राहतात. खड्ड्यात आणखी रंग ओतला की खड्डा खोल होतो. थांबा, वाळवा, ८०० ने सपाट करा आणि पेंटच्या दुकानात मिळणाऱ्या वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. एका स्वच्छ फडक्याने लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. रॉकेलने पुसायची जुनी सवय इथे नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो. नंतरचे पहिले हात अगदी हलके मारा.

क्लिअर पांढुरका, धुरकट झाला तर दोष हवेचा असतो. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. हवा कोरडी झाल्यावर हलका धुरकटपणा बऱ्याचदा आपोआप जातो. उरला तर कोरड्या दिवशी क्लिअरचा एक पातळ हात मारून बघा. कोकणात किंवा मुंबईत आषाढ-श्रावणात हे काम काढूच नये, दिवाळीनंतरची कोरडी हवा चांगली. मे महिन्यात विदर्भात उलटा त्रास होतो. पत्रा तापलेला असतो, रंग हवेतच वाळतो आणि खरखरीत बसतो. तिथे सकाळी लवकर, सावलीत काम करा. कंप्रेसर आणि गन वापरत असाल तर टाकीत साचलेलं पाणी आधी काढा, नाहीतर तेच थेंब रंगात येतात.

सुरकुत्या आल्या तर नव्या रंगातल्या सॉल्व्हंटने खालचा थर उचलला आहे. दोन हातांमधली कॅनवर दिलेली वेळ न पाळल्यानेही असं होतं. काही दिवस वाळवा, घट्ट थर लागेपर्यंत घासा, प्रायमर मारा आणि पातळ हातांनी पुन्हा सुरू करा. बंपरचं उघडं प्लास्टिक दिसत असेल तर त्याआधी प्लास्टिकसाठीचा प्रायमर लागतो, नाहीतर पापुद्रा निघतो.

शेड जुळत नाही

बॉनेटखालच्या किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो. उदाहरणार्थ, मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा झेड२एस. कोड बरोबर असूनही उन्हात तापलेल्या जुन्या गाडीशी चंदेरी रंग थोडा चुकतोच. म्हणून आधी एका कार्डावर बेसकोट आणि क्लिअर मारून ते गाडीला लावून बघा. शेड थोडी गडद वाटली तर कोरडे हात, फिकट वाटली तर किंचित ओले, इतकं हातात असतं. दुरुस्तीच्या भोवती बेसकोट हळूहळू विरत न्या आणि क्लिअर अख्ख्या पॅनेलवर मारा. मध्येच टेप लावून रंग तोडला तर ती रेघ लपत नाही. बंपर खोलला असेल तर तो गाडीवर असतो तसा उभा धरूनच रंगवा, आडवा ठेवून रंगवला तर चकत्या वेगळ्या बसतात.

काम उघड्यावर किंवा हवा खेळती राहील अशा जागी करा. जवळ गॅस, सिगारेट, देवघरातली समई असं काही जळतं नको. मास्क कार्बन कार्ट्रिजचा हवा, कापडी मास्क वाफ अडवत नाही. हार्डनर असलेला टू-के क्लिअर घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटने दमा होऊ शकतो आणि त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. बॉनेट, टप आणि मोत्याची झाक असलेले तीन थरांचे रंग गॅरेजवाल्याकडेच द्या, तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

सगळं जमून आलं तरी पहिला महिनाभर वॅक्स लावू नका आणि गाडी प्रेशर वॉशला देऊ नका. साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे.