पूरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी: पाणी चढण्याआधीची तयारी आणि ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस

पंचगंगा, कृष्णा आणि वारणाकाठच्या गावांना पूर नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वेळी पाणी जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चढलं, म्हणजे म्हातारा पाऊस (पुष्य नक्षत्र) आणि आश्लेषाच्या तोंडावर. त्यामुळे तयारी आर्द्रा-पुनर्वसूतच उरकलेली असावी. पाणी चढताना माणूस जिवाला जपतो, बाहेर पडतो. आजारपण गाठतं ते पाणी उतरल्यावर. गोठ्यातला गाळ काढायचा असतो, मोटार चालू करायची असते, जनावरांना वैरण हवी असते, आणि या घाईत उघड्या पायांनी चिखलात उतरणं, विहिरीचं पाणी तसंच पिणं होऊन जातं.

आपली खूण आपण ठरवा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. हे आकडे शहराजवळच्या मोजपट्टीचे आहेत, तुमच्या वस्तीचे नाहीत. अनेक गावांत पाणी नदीच्या बाजूने समोरून येत नाही. ओढ्यातून फुगवटा मागे सरकतो, आधी रस्ता तुटतो आणि घराला पाणी लागायला आणखी एक-दोन दिवस जातात. म्हणून गेल्या पुरांत बंधाऱ्यावर किती फूट असताना रस्ता बंद झाला, किती असताना गोठ्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून गोठ्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा. निघायची वेळ रस्त्याच्या आकड्यावरून ठरवायची, उंबऱ्याच्या नव्हे. रस्ता तुटायच्या किमान दोन फूट आधी जनावरं, म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आठवा-नववा महिना लागलेल्या बाया गावाबाहेर गेलेल्या असाव्यात.

रस्ता तुटल्यावर उरते ती बोट. २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ बोट उलटून माणसं गेली, ती गर्दीने भरलेली होती. लाइफ जॅकेट नसेल आणि बोट भरलेली असेल तर पुढच्या फेरीसाठी थांबा.

काय हलवायचं, कुठल्या क्रमाने

पहिल्यांदा हलवायची ती औषधं, म्हणजे कीटकनाशकं, तणनाशकं आणि उंदरांची औषधं. धान्यात ठेवायच्या सेल्फॉससारख्या गोळ्यांची सर्वांत जास्त काळजी घ्या. या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांना ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. पूर आलेल्या घरात या गोळ्यांचा डबा भिजलेला सापडला तर उघडू नका, दारं-खिडक्या उघडून आधी बाहेर या. औषधांचे रिकामे कॅन धुऊन त्यात पिण्याचं पाणी भरायची चूक पुराच्या दिवसांत हमखास होते. कितीही धुतला तरी तो कॅन पाण्यासाठी वापरायचा नाही. पाण्यासाठी दोन-तीन स्वच्छ कॅन आतापासूनच वेगळे काढून त्यांना रंगाची खूण करा.

त्यानंतर नदीवरच्या मोटारी आणि स्टार्टरच्या पेट्या. पाणी वाढायला लागलं की मोटार काढायला नदीत उतरणं जिवावर बेतू शकतं, म्हणून इशारा पातळीआधीच त्या वर घ्या. आधी डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या वीजपेटीवरून, वीज बंद करून घ्या आणि मगच केबल सोडा.

जनावरांच्या बाबतीत एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: कुठलंही जनावर दाव्याला बांधून सोडून जाऊ नका. बरोबर नेता येत नसेल तर दावं सोडा, सुटं जनावर उंचवटा शोधतं. छावणीत किंवा पाहुण्यांकडे ठेवायचं असेल तर वैरण आपली हवी. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण ६ किलो कोरडी वैरण धरा. चार जनावरं आणि दहा दिवस म्हणजे २४० किलो. पिशवीतला मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) या कामाला उत्तम, कारण तो भिजत नाही आणि ट्रॉलीत बसतो. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या साथीच्या रोगांची लस मे-जूनमध्येच टोचलेली असावी. लस टोचल्यावर ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पूर दारात आल्यावर धावाधाव करून फायदा नाही.

घरच्या माणसांसाठी एक झाकणाचा डबा तयार ठेवा. त्यात बीपी-शुगरच्या महिन्याभराच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, पट्ट्या, जंतुनाशक, टॉर्च, आणि आधार कार्ड व सातबाऱ्याच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या प्रती. इन्शुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यावर ते कसं थंड ठेवायचं ते आधीच ठरवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पाणी भरलेल्या माठाशेजारच्या ओल्या वाळूत ठेवलं तर बऱ्यापैकी टिकतं, पण बर्फाला टेकवू नका. गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं.

विहीर आणि पिण्याचं पाणी

पुराचं पाणी शिरलेली विहीर म्हणजे गावातल्या सगळ्या उकिरड्यांचं आणि संडासांचं पाणी एका जागी. हातपंपही त्यातच धरा. पाणी ओसरल्यावर विहीर एकदा उपसायची असते, पण घाई करू नका. आजूबाजूची जमीन पाण्याने भरलेली असताना विहीर झपाट्याने रिकामी केली की बाहेरच्या दाबाने बांधकाम ढासळतं, मातीच्या विहिरी तर नक्कीच. थोडी-थोडी उपसा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका, त्याचा धूर आतच कोंडतो. जुन्या विहिरीत, जॅकवेलमध्ये (नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीत), शेणखताच्या किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात एकट्याने उतरू नका. प्राणवायू कमी झालेला असतो किंवा विषारी वायू साठलेला असतो, आणि आत पडलेल्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच राहतो.

नंतर टीसीएल, म्हणजे विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. विहिरीत किती पाणी आहे ते असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, आणि आलेल्या आकड्याला २२ ने गुणा. ते लिटर. २० फूट व्यासाच्या विहिरीत २५ फूट पाणी असेल तर साधारण २ लाख २० हजार लिटर. नेहमीच्या दिवसांत हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली टीसीएल पावडर पुरते. पुरानंतर दुप्पट, म्हणजे ५ ग्रॅम धरा. वरच्या विहिरीला १.१ किलो पावडर लागेल.

पावडर तशीच विहिरीत फेकू नका. बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त न घेता आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं निवळू द्या. खाली बसतो तो चुना. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत सोडा, वर-खाली करून ढवळा. चुना बाहेरच टाकायचा, नाहीतर पाणी जड होतं. पावडर उघड्या पोत्यात ओली झाली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो आणि मग मापाचा काही अर्थ राहत नाही. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, करून घ्या. पाण्याला पिवळी झाक आली तरच ते पाणी वापरायचं. झाक नसेल तर मात्रा पुन्हा.

घरातल्या हंड्यातलं पाणी गढूळ असेल तर क्लोरीनच्या गोळीआधी तुरटी फिरवून निवळून घ्या. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू शिल्लक राहतात. गोळीचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं पाळा आणि अर्धा तास थांबा. सरपण किंवा गॅस असेल तर खळखळ उकळी आल्यावर पाच मिनिटं उकळणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. जुलाब लागले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात; पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला धोका आहे, म्हणून चमचा भरगच्च घेऊ नका.

चिखल्या आणि लेप्टो

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, डुक्कर आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात येतात आणि माणसाच्या कातडीतल्या भेगांतून आत शिरतात. तासन्‌तास ओल्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, त्या म्हणजे त्यांना उघडं दारच. म्हणून गाळ काढताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे हवेत. बुटाच्या वर पाणी असेल तर बुटाचा उपयोग संपला. त्या दिवशी काम थांबवणं शहाणपणाचं. काम झाल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या मधली जागा फडक्याने कोरडी करा. कापलं-खरचटलं असेल तर धुऊन, पट्टी लावून, वर प्लॅस्टिक बांधून मगच उतरा, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल आरोग्य केंद्रात विचारा.

ज्यांना रोज चिखलात उतरावंच लागतं त्यांना डॉक्टर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम देतात. ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. घ्यायची तर जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर, दुधाबरोबर नाही, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. गोळी घेतली म्हणून गमबूट सोडायचे असंही नाही.

चिखलात काम केल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत, कधी महिन्याभरानेही, थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि "पुराच्या चिखलात काम केलंय" हे आपणहून सांगा. नुसता ताप सांगितला तर तपासणी दुसऱ्या दिशेने जाते. लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, धाप लागणं ही लक्षणं दिसली की गावात थांबायचंच नाही, थेट मोठं रुग्णालय. दरम्यान ताप अंगावर काढणं आणि दुखणं दाबायला वेदनाशामक गोळ्या घेत राहणं मूत्रपिंडाला आणखी महागात पडतं.

साप, वीज आणि वैरण

पुरात बिळं भरल्यावर साप घरात, गंजीत, उसाच्या फडात कोरडी जागा धरतात. गाळाने भरलेला पाला, पत्रे, पोती हाताने उचलू नका, काठीने आधी हलवा. रात्री जमिनीवर झोपू नका. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हे मण्यारपासूनचं खरं संरक्षण. मण्यारचा दंश दुखत नाही, सुजत नाही, म्हणून रात्रीतून पोट दुखून पापण्या जड होणाऱ्याला "काही चावलं का" असं विचारायचं. चावलं तर घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या-जोडवी काढा, हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

पाण्यात बुडालेली मोटार सुकली असं वाटून बटण दाबणं हा पुरानंतरचा सगळ्यात महागडा प्रकार. ती वाइंडिंगवाल्याकडे उघडून, धुऊन, वाळवून, मेगरवर (रोध मोजायच्या यंत्रावर) वाइंडिंग आणि बॉडीतला रोध किमान १ मेगाओम दाखवेपर्यंत चालू करू नका. स्टार्टरच्या पेटीतला गाळही पूर्ण निघाला पाहिजे. लोंबणारी तार दिसली तर जवळ जाऊ नका, जनावरं दूर घ्या आणि वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर कळवा.

गाळ लागलेली, बुरशी आलेली वैरण किंवा भिजून कुबट झालेलं धान्य जनावरालाही घालू नका. बुडालेल्या उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) लोक या दिवसांत सर्रास घालतात. ते स्वच्छ धुवा आणि तेच एकटं घालू नका: वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शिअम ओढून घेतं आणि दुभती गाय बसते. निम्मी वैरण कोरडी ठेवा आणि रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण द्या. अचानक ताप येऊन घशाला सूज आली, घरघर लागली तर घटसर्प धरून लगेच जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ नंबरवर फोन करा. मेलेलं जनावर नदीत ढकलू नका. पिण्याच्या पाण्यापासून लांब खोल खड्ड्यात चुन्याच्या थरात पुरा, आणि पुरण्याआधी फोटो व तलाठी-पशुवैद्यकाचा पंचनामा उरकून घ्या, कारण त्याशिवाय भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही.