विंडोजच्या आपोआप होणाऱ्या अपडेट्सना वेसण कशी घालावी

अपडेट्स कायमची बंद कशी करायची, असे विचारणाऱ्याला मी आधी उलट विचारतो की, त्रास नेमका कशाचा होतो? काम चालू असताना संगणक परस्पर रीस्टार्ट होतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा दिवसाचा दीड जीबी डेटा सकाळीच संपतो, की कालपर्यंत नीट चालणारा टचपॅड अपडेटनंतर हट्टाला पेटतो? या तीन तक्रारींवरचे इलाज वेगवेगळे आहेत. पहिली तक्रार असणाऱ्याने सगळीच अपडेट्स तोडून टाकणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो.

सुरुवातीला आपल्याकडे विंडोजची कोणती आवृत्ती आहे ते पाहून घ्यावे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात अगदी तळाशी ‘अबाउट’ उघडले, की ‘होम’ किंवा ‘प्रो’ असे लिहिलेले दिसते. घरच्या बहुतेक लॅपटॉपवर ‘होम’ असते आणि त्यात मुभा कमी असते, पण वाटते तितकी कमी नसते. पुढे दिलेली मेनूंची नावे विंडोज ११ मधली आहेत.

सर्वांत उपयोगी उपाय तात्पुरत्या विरामाचा आहे. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘विंडोज अपडेट’ या पानावर ‘पॉज अपडेट्स’ असा पर्याय आहे आणि त्याशेजारच्या यादीतून एक ते पाच आठवडे निवडता येतात. ही सोय ‘होम’लाही आहे. मात्र विरामाची मुदत संपल्यावर लगेच पुन्हा विराम घेता येत नाही. आधी साचलेली अपडेट्स घ्यावी लागतात. मी एकदा पाच आठवड्यांचा विराम देऊन तारीख साफ विसरलो आणि प्रवासाला निघण्याच्या दिवशी सकाळी टक्केवारीचे आकडे सरकताना बघत बसलो. चूक माझीच होती, म्हणून आता मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवतो.

हा विराम कधी घ्यावा, यालाही एक हिशेब आहे. मायक्रोसॉफ्टची सुरक्षाविषयक मुख्य अपडेट्स ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्याला ती बुधवारी भेटतात. त्या मंगळवारी एक आठवड्याचा विराम द्यावा, अपडेटमध्ये काही गोची असेल तर ती तेवढ्यात बहुधा उघड होते, आणि मग एखाद्या निवांत संध्याकाळी चार्जर जोडून ते घ्यावे. त्याच पानावर ‘गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज दे आर अव्हेलेबल’ असे एक बटण आहे, ते बंदच ठेवावे. ते चालू असेल, तर ज्या गोष्टी पुढे सावकाश यायच्या त्या आपल्याकडे सर्वांच्या आधी येतात, आणि पहिल्या पंगतीला बसण्यात येथे काही फायदा नाही.

रीस्टार्टचा त्रास असेल, तर ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ हाताने ठरवावेत. ही मुदत जास्तीत जास्त १८ तासांची असू शकते; उदाहरणार्थ, सकाळी सात ते रात्री एक. या वेळेत विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. त्याच पानावर रीस्टार्टची गरज असल्यास सूचना देणारे बटण आहे, तेही चालू करावे. रात्री एकनंतर न जतन केलेली फाइल उघडी ठेवून झोपू नये, हे ओघाने आलेच.

डेटा वाचवायचा असेल, तर आपला हॉटस्पॉट ‘मीटर्ड’ आहे, म्हणजे त्यावरचा डेटा मोजका आहे, असे विंडोजला सांगावे लागते. हॉटस्पॉटला जोडलेले असताना ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वाय-फाय’ आणि त्या नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’ अशा क्रमाने जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे. हे प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळे करावे लागते. घरच्या वाय-फायवर केलेली नोंद मोबाइलच्या हॉटस्पॉटला लागू होत नाही, आणि नेमके येथेच लोक फसतात. शिवाय ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधले ‘डाउनलोड अपडेट्स ओव्हर मीटर्ड कनेक्शन्स’ बंद आहे ना, तेही पाहावे. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ या सदरात दुसऱ्या संगणकांशी अपडेट्सची देवाणघेवाण करण्याची परवानगी असते. तीही काढून टाकावी, म्हणजे आपल्या खर्चाने दुसऱ्याची फाइल जाणार नाही.

‘प्रो’ असणाऱ्यांना याहून पक्का उपाय आहे. ‘स्टार्ट’मध्ये ‘एडिट ग्रुप पॉलिसी’ शोधून ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कंपोनंट्स’, ‘विंडोज अपडेट’ आणि ‘मॅनेज एंड यूजर एक्स्पीरियन्स’ अशा वाटेने जावे. तेथे ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’ उघडून ‘एनेबल्ड’ निवडावे आणि खालच्या यादीतला दोन क्रमांकाचा पर्याय घ्यावा. यानंतर अपडेट आल्याची वर्दी मिळते, पण आपण ‘डाउनलोड’ दाबेपर्यंत काहीही उतरत नाही. माझ्या मते ‘डिसेबल्ड’पेक्षा हाच पर्याय शहाणपणाचा आहे, कारण त्यात वर्दी तरी येत राहते.

ड्रायव्हरमुळे, म्हणजे टचपॅडसारखे उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे, एखादे उपकरण बिघडले असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या उपकरणाच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘ड्रायव्हर’ या भागात ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण आहे का ते पाहावे. जुना ड्रायव्हर शिल्लक असेल तरच ते दाबता येते. ‘प्रो’मध्ये ग्रुप पॉलिसीतल्या त्याच ‘विंडोज अपडेट’खालच्या ‘मॅनेज अपडेट्स ऑफर्ड फ्रॉम विंडोज अपडेट’ या फोल्डरात ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ चालू केले, की ड्रायव्हर येणेच थांबते आणि सुरक्षेची अपडेट्स मात्र येत राहतात.

‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज अपडेट’ ही सेवाच बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो फार दिवस टिकत नाही, कारण अपडेटची बिघडलेली व्यवस्था दुरुस्त करणारी एक वेगळी सेवा विंडोजमध्ये आहे आणि ती हे बंद दार पुन्हा उघडते. आणि समजा टिकलाच, तरी २०१७ आठवावे. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा घातक प्रोग्रॅम विंडोजच्या ज्या त्रुटीतून शिरला तिच्यावरचे अपडेट १४ मार्चला आले होते आणि हल्ला सुरू झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे संगणक उघडे राहिले. आठवडाभर थांबणे आणि दोन महिने थांबणे यांत फरक आहे तो हा.

तरीही नकोसे अपडेट येऊन बसलेच, तर ‘अपडेट हिस्टरी’च्या तळाशी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असते. तेथे तारीख पाहून शेवटचे अपडेट काढावे आणि लगेच विराम द्यावा, नाही तर तेच पुन्हा दारात उभे राहते. संपूर्ण नवी आवृत्ती बसली असेल, तर ‘सिस्टिम’मधल्या ‘रिकव्हरी’तून ‘गो बॅक’ने परतता येते, पण ही सोय सर्वसाधारणपणे दहाच दिवस असते. त्या दहा दिवसांत डिस्कवर जागा करण्याच्या भरात जुन्या विंडोजच्या फाइल्स पुसल्या, तर परतीची वाट तेथेच बंद होते.