लाजाळूला कपाटात कोंडायचं कसं

लाजाळूची पानं दिवसा उघडतात, रात्री मिटतात. उजेड नसतानाही ती हे करतात का, ते बघायचं आहे. कोकणात रस्त्याकडेला पायाखाली येणारी लाजाळू मुळासकट, मातीच्या ढेकळासह उचला आणि कुंडीत लावा. आठवडाभर तिला रुळू द्या. मी न थांबता घाई केली होती. रोप मान टाकून बसलं.

रुळली की एका संध्याकाळी भरपूर पाणी घालून कुंडी लोखंडी कपाटात ठेवा. फटींना घोंगडी लावा. आता सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री नऊला दार किंचित उघडून मोबाईलच्या मंद उजेडात क्षणभर बघायचं. पानाला हात लावायचा नाही! आमच्या भाच्याने बोट लावलं नि सगळी नोंद वाया गेली. दार हळूच लोटा, धक्क्यानेही पानं मिटतात.

सकाळी अंधारातच पानं उघडलेली दिसतील. 1729 मध्ये फ्रान्सचे शास्त्रज्ञ द मेरां यांनी हेच पाहिलं. गंमत म्हणजे झाडाच्या आत घड्याळ आहे असं ते म्हणालेच नाहीत. न दिसणारा सूर्यही झाडाला जाणवतो, असं त्यांना वाटलं. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्युआमेल द्यु मोन्सो यांनी रोप तळघरात नेलं, पानं तापमानामुळे हलत असतील ही शंकाही फेडली.

दोन-तीन दिवसच ठेवा, मग पानं मंदावतात. वेळा मात्र मिनिटांसकट लिहा. 1832 मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांना सततच्या उजेडात लाजाळूच्या पानांचा उघडमिटीचा फेरा 24 नव्हे, 22-23 तासांचा आढळला होता.