कॅनडाच्या रॉकीज पर्वतरांगेत मित्रांबरोबर कॅम्पिंग? या चुका टाळा

कॅलगरीहून बॅन्फ, लेक लुईस, जॅस्पर आणि मग ब्रिटिश कोलंबियातून थेट व्हँकुव्हर, हा बेत दर उन्हाळ्याआधी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिजत असतो. सात-आठ जण, दोन गाड्या, दोन-तीन तंबू. ग्रुप मोठा असला की एक घोळ ठरलेला: ‘ते त्यानं बघितलं असेल’ असं प्रत्येकाला वाटतं आणि कुणीच बघितलेलं नसतं. खालच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच होतात.

माणसं न मोजता बुकिंग

बॅन्फ-जॅस्परच्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग पार्क्स कॅनडा (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) वर्षाच्या सुरुवातीलाच उघडतं आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार बघता बघता संपतात. मे महिन्यात जागे झालात तर रद्द झालेल्या जागांवर डोळा ठेवायचा. मधल्या वारांना त्या मिळतातही. पण खरी गोची माणसांच्या मर्यादेची. राष्ट्रीय उद्यानात एका साइटवर, म्हणजे तंबूच्या एका जागेवर, साधारणपणे सहा जण चालतात. ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक उद्यानांत आठ चालतात, पण त्यात सोळा वर्षांवरचे चारच. म्हणजे आठ मित्रांना तिथे दोन साइट घ्याव्याच लागतात. ‘रात्री कोण मोजायला येतंय’ म्हणू नका, येतात.

लेक लुईसला आणखी एक सापळा आहे. तिथे दोन कॅम्पग्राउंड आहेत. तंबूवाल्यांचं वेगळं, त्याला अस्वलांसाठी विजेचं कुंपण आहे. दुसरं फक्त पक्क्या भिंतींच्या, आत झोपायच्या कॅम्पर गाड्यांसाठी. घाईत दुसरं बुक केलंत तर तंबू ठोकू देणार नाहीत. जवळच्याच मोरेन लेक या तळ्याच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदीच आहे. तिथे जाणाऱ्या शटल बसच्या काही जागा दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतात, तेव्हा एकाने तरी फोन घेऊन बसावं.

खरकटं, कढई आणि अस्वल

आपल्या ग्रुपचं सगळ्यात जास्त इथे चुकतं, कारण आपण नुसते सँडविच खाऊन राहणारे नाही. रात्री उसळ झाली, पत्ते रंगले, उरलेली उसळ कढईत झाकून टेबलावर ठेवली आणि सगळे झोपले. हिंग-लसणाची फोडणी माणसाला शेजारच्या साइटवरून कळते. अस्वलाचं नाक तर विचारूच नका. नियम सरळ आहे: जवळ माणूस नसेल किंवा सगळे झोपले असतील, तर टेबलावर वासाचं काहीही नको. कूलर, मसाल्याचा डबा, तेलकट कढई, रिकामे बिअरचे कॅन, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, सगळं बंद गाडीत किंवा तिथल्या लोखंडी कपाटात. तंबूत तर चिवड्याची पुडीसुद्धा नको. भांडी धुतलेलं पाणी झुडपात ओतायचं नाही. ते गाळून खरकटं कचऱ्याच्या पेटीत टाकायचं आणि पाणी ठरवून दिलेल्या जागी.

राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यात असं अन्न उघडं ठेवण्याला २५,००० डॉलरपर्यंत दंड आहे. त्याहून वाईट म्हणजे एकदा चटावलेलं अस्वल पुन्हा पुन्हा माणसांकडे येतं आणि शेवटी बरेचदा त्यालाच मारावं लागतं. म्हणून झोपण्याआधी टेबल तपासायचं काम रोज एका नावावर ठेवा.

अस्वलाचा स्प्रे (त्याला पळवायचा तिखट फवारा) विमानातून नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. कॅलगरीत उतरल्यावर घ्या. तो डासांच्या औषधासारखा तंबूवर किंवा अंगावर मारायचा नसतो. कमरेला ठेवायचा आणि अस्वल अंगावर आलं तर त्याच्या दिशेने मारायचा. अस्वलापासून १०० मीटर आणि एल्कपासून (मोठ्या हरणापासून) ३० मीटर लांब राहायचं, फोटो कितीही चांगला येणार असला तरी.

डाळ शिजेना, शेगडी पेटेना

लेक लुईसच्या आसपास उंची १,६०० मीटरच्या घरात, त्यामुळे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटते आणि दाणा तसाच. छोटा कुकर न्या, नाहीतर मसूर किंवा मूगडाळीवर भागवा. पहाटे शेगडीची ज्योत मरगळली तर बहुधा डबा ब्युटेनचा आहे. शून्याच्या आसपास त्याचा गॅसच होत नाही. प्रोपेन किंवा मिश्र गॅसचा डबा घ्या. तात्पुरता उपाय म्हणून डबा जॅकेटमध्ये धरून ऊब द्या, आगीजवळ अजिबात नाही. आणि कितीही पाऊस असो, तंबूच्या आत शेगडी पेटवू नका.

थंडीचंही तसंच. जुलैतही रात्री पारा पाच अंशांच्या खाली जाऊ शकतो. स्लीपिंग बॅग भारीतली आणि खाली नुसती चटई असेल तर रात्रभर कुडकुडणार, कारण जमीन अंगातली ऊब खेचते. सकाळी तंबू आतून ओला दिसला तर तो गळत नाही, तुमच्या श्वासाची वाफ आहे; वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा.

नकाशावर तीन तास

लेक लुईस ते जॅस्पर हा आइसफिल्ड्स पार्कवे २३० किलोमीटरचा. मधे पेट्रोल फक्त सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंगला, तेही महाग आणि हिवाळ्यात बंद. फोनची रेंज बहुतेक रस्ताभर नाही. दोन गाड्या असतील तर ‘पुढे भेटू’ न म्हणता जागा आणि वेळ ठरवा: पेटो लेकचा पार्किंग, अकरा वाजता. नकाशे आधीच उतरवून घ्या आणि तीन तासांच्या रस्त्याला अख्खा दिवस द्या.

जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांचंही लक्षात ठेवा. जुलै २०२४ मध्ये जॅस्पर गावाचा मोठा भाग जळाला. शेकोटीवर बंदी असेल तर ती पाळा. गॅसची शेगडी बहुतेक वेळा चालते, तरी फलक वाचा. दुसऱ्या भागातलं जळण गाडीत भरून आणू नका, त्यातून किडे पसरतात.

परतीला व्हँकुव्हरहून येताना रेव्हलस्टोक आणि गोल्डनच्या मधे वेळेचा पट्टा बदलतो आणि घड्याळ एक तास पुढे जातं. त्या दिवशी शटलचं बुकिंग असेल तर तासभर आधीच निघा.