जुना रीलोडिंग प्रेस: ओळखायचा कसा, चालवायचा कसा

अमेरिकेत जुन्या घरातलं सामान विकायला निघतं, तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यात कधीकधी एक बिडाचं धूड बेंचला बोल्टांनी आवळलेलं दिसतं. मला पहिल्यांदा तो सोऱ्याचा थोरला भाऊ वाटला होता. वापरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरायचा हा प्रेस. भारतात परवान्याशिवाय काडतुसं भरणं शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, म्हणून पुढचं सगळं तिकडे राहणाऱ्या आणि तिथले नियम पाहून छंद करणाऱ्यांसाठी.

आधी आकार बघा. समोरून उघडा, इंग्रजी 'सी'सारखा सांगाडा असेल तर हात घालायला सोपं, पण जोर लावला की तो किंचित फाकतो. 'ओ'सारखा बंद सांगाडा जास्त ताठ. वर फिरणारी चकती असेल तर तो टरेट प्रेस. रंगावर विसंबू नका. हिरवा म्हणजे आरसीबीएस कंपनीचा, केशरी म्हणजे लायमन कंपनीचा असं म्हणतात खरं, पण रंग कुणीही मारतो. रॉकेलच्या फडक्याने मळ काढून ओतीव अक्षरं वाचा. ओरोव्हिल, कॅलिफोर्निया असेल तर आरसीबीएस. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये सुरू केलेली कंपनी. मिडलफील्ड, कनेक्टिकट म्हणजे लायमन. वसीका, मिनेसोटा म्हणजे हर्टर्स.

मग वरच्या भोकाचे आटे. आजच्या बहुतेक डाय (त्या भोकात बसणारे, पुंगळीला आकार देणारे साचे) ⅞ इंच व्यासाच्या आणि इंचाला १४ आटे अशा असतात. अशी एखादी डाय खिशात घेऊनच जा. हाताने सरळ आत गेली तर ठीक. लायमनच्या ट्रू-लाइन ज्युनियर प्रेसला बारीक डाय लागते, ती शोधण्यात जीव जातो. शेलहोल्डर, म्हणजे पुंगळीचा तळ पकडून ठेवणारा तुकडा, तोही तपासा: हर्टर्सच्या बऱ्याच प्रेसना नेहमीचा बसत नाही. रॅम, म्हणजे वर सरकणारा दांडा, पूर्ण वर नेऊन बाजूला हलवा. थोडा खेळ चालतो, खडखडाट नाही. सांध्यांजवळ आणि बोल्टांच्या भोकांभोवती केसासारखी चीर दिसली, तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

घरी आणल्यावर सगळं सुटं करून पुसा, सांध्यांना तेल द्या आणि जाड बेंचला घट्ट आवळा. पहिल्याच दिवशी बारूद बाहेर काढू नका. आधी रायफलच्या दहा रिकाम्या पुंगळ्या फक्त मापात आणून बघा. रॅम वर ठेवा, डाय शेलहोल्डरला टेकेपर्यंत फिरवा. रॅम खाली घेऊन डाय अष्टमांश ते पाव फेरा आणखी फिरवा, मग डाय जागेवर पक्की करणारी लॉकरिंग आवळा.

पुंगळीला बोटाने वंगण लावा. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते, आणि ओढायला गेलात की तळाची कड फाटून येते. जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, खळगा पडतो. माझ्या पहिल्या दहापैकी चारांवर पडले होते. हँडल एका दमात, पण हिसका न देता खेचा. जुना प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या तळातली ठिणगी देणारी टोपी, खाली पडतो. त्याच्या राखेत शिसं असतं, म्हणून त्या बेंचवर चहा नको आणि उठल्यावर हात साबणाने धुवा.

प्रेससोबत खोक्यात अनेकदा बारुदाचे अर्धे डबे आणि पेन्सिलीने लिहिलेली मापं येतात. डबे वापरू नका. मापंही कितीही नेटकी वाटली तरी नकोत. बारूद आणि गोळीचं माप आजच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं. मी ती चिठ्ठी ठेवलीय, अक्षर सुंदर आहे म्हणून.